सवाष्णीच्या नावाचं रुखवत

माघातली दुपार होती. आदिलाबादजवळच्या जैनथ गावात, घराच्या पडवीत बयनाबाई पाटावर शेवया वळत होती आणि तिची जाऊ कुसुमबाई त्या खाटेवर वाळत टाकत होती. बयनाबाईचा नवरा वारून अकरा वर्षं झाली होती. कुरडयांची फुलं, रंगीत शेवयांचा मोर, साखरेची बाहुली, लग्नाच्या रुखवतात मांडायचं सगळं तीच करायची. पण मागणी घ्यायची कुसुमबाईनं आणि पोचवायचं कुसुमबाईनं. मुलीसोबत सासरी जाणारं रुखवत सवाष्णीच्याच हातचं हवं, विधवेचा हात लागला की अपशकुन, असा आपला दंडक. मांडवात मोराचं कौतुक व्हायचं, तो केला कोणी हे कोणी विचारत नसे. विचारत नव्हते म्हणून दोघींची चूल पेटत होती.

त्या वर्षी, १९८८ साली, मागण्या निम्म्यावर आल्या. आदिलाबादच्या दुकानांत तयार रुखवत मिळू लागलं होतं.

पद्मिनीबाई आदिलाबादच्या शाळेत शिक्षिका. त्या कुरडया न्यायला आल्या, पाटावर पांढऱ्या कपाळाच्या बयनाबाईला पाहिलं आणि सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. शहरात महिला मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं. त्यांनी तिथे बयनाबाईला टेबल मिळवून दिलं आणि पाटी स्वतः रंगवली, विधवेच्या नावाआधी लिहितात ती उपाधी लावून: 'गंगाभागीरथी बयनाबाई, जैनथ. दहा वर्षांपासून रुखवताच्या सेवेत.'

"बाई, माह्यं नाव नका लिवू," बयनाबाई म्हणाली. "जाऊबाईचं लिवा."

"कष्ट तुमचे आणि नाव दुसरीचं? तुम्ही काय चोरी केली आहे?"

"जसं चालून राह्यलं, तसं चालू द्या नं बाई," कुसुमबाईही म्हणाली.

शिकलेल्या माणसाला कोणाचं भलं करायचं सुचलं की त्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं. पद्मिनीबाईंचं तेच झालं. प्रदर्शनात दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं, आणि त्या खुशीत घरी गेल्या.

पाचव्या दिवशी तलमडुगूचे नागोराव जैनथला पडवीसमोर येऊन उभे राहिले. गेल्या वैशाखात त्यांच्या मुलीचं, रेणुकाचं, रुखवत इथूनच गेलं होतं. पौषात तिचं पोट पडलं. सासरचे आजवर नशिबाला बोल लावत होते. पाटीची बातमी पोचली आणि त्यांनी रेणुकाला माहेरी आणून सोडलं.

"माह्या लेकीच्या रुखवताले रांडव बाईचा हात लावला तुमी," ते कुसुमबाईला म्हणाले. "आन् एका शब्दानं सांगतलं नाई."

ते ओरडले नाहीत. कुसुमबाईनं पदर पसरून माफी मागितली. बयनाबाई तिथेच बसली होती, तिला कोणी काही विचारलं नाही. त्या आठवड्यात उरल्यासुरल्या मागण्याही मोडल्या. कुसुमबाईच्या नवऱ्यानं बयनाबाईची चूल गोठ्यात मांडून दिली.

हे कळलं तेव्हा पद्मिनीबाई आधी तलमडुगूला गेल्या. रेणुका भिंतीला टेकून बसली होती. सतरा वर्षांची पोर. दिवस असतानाही विहिरीचं पाणी तीच ओढायची, अंगात रक्त नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. हे तिनं दुसऱ्याच कोणाची हकीकत सांगावी तसं सांगितलं. पद्मिनीबाईंनी नागोरावांना तेच पुन्हा पुन्हा समजावलं.

"ते समदं खरं असन, बाई," नागोराव म्हणाले. "पण तुमच्या घरी लगन झालं, तवा तुमी इधवेले पुढं केलं का?"

थोरल्या लेकीच्या, चारुशीलाच्या, लग्नात पद्मिनीबाईंची सख्खी विधवा आई मागच्या खोलीत बसून होती. तिला बाहेर ये म्हणायचं त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जैनथला गेल्या. बयनाबाई दुसऱ्याच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला निघाली होती.

"माझं चुकलं," पद्मिनीबाई म्हणाल्या. "वैशाखात माझ्या धाकटीचं, कुमुदिनीचं, लग्न आहे. रुखवत तुम्हीच करा."

"एकडाव भलं करून झालं नं, बाई." बयनाबाईच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आता मले जाऊ द्या. बाया थांबल्या."

बसमध्ये आपल्याला रडू येईल असं पद्मिनीबाईंना वाटलं होतं, ते आलं नाही. धाडस आपण केलं असं त्या समजत होत्या, पण त्याची झळ बयनाबाईला आणि रेणुकाला लागली होती. त्यांची स्वतःची नोकरी, घर, मान, सगळं जिथल्या तिथे होतं.

घरी आई तांदूळ निवडत होती. पद्मिनीबाई चपला काढून तिच्याजवळ बसल्या.

"आई, कुमुदिनीला पहिली हळद तू लावावीस असं माझ्या मनात आहे. चारचौघांत, मांडवात. मी आधी तिला विचारलं. ती हो म्हणाली."

"अगं, व्याही काय म्हणतील?"

"त्यांना आजच पत्र लिहिते. लग्न मोडायचं असेल तर आत्ताच मोडू देत."

आईचा हात सुपात थांबला.

"आणि उद्या पोरीला काही झालं, तर?"

"तर लोक तुझ्या हाताला बोल लावतील. मलाही लावतील, कारण मी तुझ्या शेजारी उभी असेन," पद्मिनीबाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारतेय, आई. लावशील?"