इर्मेलीच्या आईऐवजी मी ऐकलं

मित्रांनो, फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या एका लॅबमध्ये, सगळ्यात खालच्या फळीवर, मी पडून असतो. मी एक जुना राउटर आहे. तुमच्या घरी भिंतीला टांगलेला असतो तो चिमुकला नव्हे हं! मला उचलताना माणूस कण्हतो.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते काम. एकच गाणं हजार घरांत पोचवायचं असेल तर हजार वेळा पाठवणं हा वेडेपणा झाला. ते एकदाच निघतं. वाटेत जिथे फाटे फुटतात तिथे माझ्यासारखा कोणीतरी बसलेला असतो. तो मधूनमधून विचारतो, ‘कोणी ऐकतंय का?’ ज्या बाजूने ‘हो’ येतं, तिकडे तो एक प्रत सोडतो. जिकडून काहीच येत नाही, तिकडे तो काही पाठवत नाही. याला मल्टिकास्ट म्हणतात. मला हे काम मनापासून आवडायचं.

पण लॅबमध्ये खरे ऐकणारे कुठून आणायचे? शेजारचं एक यंत्र खोटे श्रोते तयार करायचं, हजारोंनी. मी विचारलं की सगळे मिळून ‘हो’ म्हणायचे. ते कमी करून, वाढवून, एकदम उठवून माझी परीक्षा घेतली जायची. घेणारे दोघं होते. एक इर्मेली, बारीक चणीची, तोंडाने तिखट. दुसरा कालेवी, तिच्याच वयाचा, कायम कॉफीचा मग हातात.

“लेका, नशीबवान आहेस,” कालेवी माझ्यावर थाप मारून म्हणायचा. “एवढे श्रोते, आणि एक जण खोकत नाही!”

“टाळीही वाजवत नाही, ते सांग की त्याला,” इर्मेली म्हणायची.

त्या काळात माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की आधी मला दाखवत. मग नवी, हलकी यंत्रं आली. माझ्या तारा निघाल्या, मी खाली गेलो, आणि माझ्या डोक्यावर कॉफीची पाकिटं रचली गेली. रागवून कोणाला सांगणार? पण मनात एक सल होता. इतकी वर्षं गाणी वाटत राहिलो, पण खरा ऐकणारा एकही भेटला नव्हता.

आणि फेब्रुवारीत इर्मेलीचा विल्होमामा गेला.

इर्मेलीची आई, हिल्काआजी, ओउलूच्याच एका वृद्धाश्रमात राहायची. विल्हो तिचा धाकटा भाऊ, तोही शेवटची दोन वर्षं तिथेच होता. दफन मात्र गावी, उत्तरेला पोसिओच्या चर्चमध्ये व्हायचं होतं. आजींचं खुब्याचं हाड मोडलेलं. त्या थंडीत एवढा प्रवास शक्यच नव्हता. आश्रमाच्या मोठ्या हॉलमध्ये चर्चमधला सोहळा थेट दिसणार होता, पण अंगणापलीकडच्या ज्या नव्या भागात आजींची खोली होती, तिथे तो पोचत नव्हता.

“मी पोचवते,” इर्मेली म्हणाली, आणि कॉफीची पाकिटं बाजूला सारून तिने मला बाहेर काढलं. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. खरी बाई, खरी खोली!

आधी लॅबमध्ये चाचणी झाली. तिथे आजींचा टीव्ही नव्हता. म्हणून इर्मेलीने मला हुकूम दिला की समज, ऐकणारा तूच आहेस. हाक आली की ओ दे. लॅबमध्ये असं सर्रास करतात, त्यात चूक काही नाही. मी ओ दिली. पडद्यावर हिरवी खूण आली.

“तो हुकूम काढून टाक हां जाताना,” कालेवी म्हणाला. “आणि खोलीतल्या टीव्हीकडची बाजू उघड.”

“माहितेय रे! मला शिकवतोस?”

तेवढ्यात रस्त्यांवर बर्फाचा इशारा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ते त्याच दुपारी निघावं लागलं. घाईघाईत दोघांनी मला आजींच्या खोलीत नेऊन ठेवलं, तारा जोडल्या. इर्मेलीने आईच्या गालाला गाल लावला आणि ती उत्तरेला गेली. हुकूम तसाच राहिला. टीव्हीकडची बाजू बंदच राहिली.

आजींनी मला न्याहाळलं. “जमीन गार आहे रे,” म्हणाल्या, आणि नर्स मिर्वाकडून माझ्याखाली लोकरीचा जुना गालिचा घालून घेतला. अहो, मला थंडीच हवी असते! पण असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या काळा पोशाख घालून, मांडीवर प्रार्थनागीतांचं पुस्तक घेऊन टीव्हीसमोर बसल्या. मिर्वा चाकाची खुर्ची घेऊन आली. “चला ना हिल्का, हॉलमध्ये. सगळे तिकडेच निघालेत.”

“मी कशाला येऊ? माझ्या पोरीने माझ्यासाठी वेगळी सोय केलीय,” आजी म्हणाल्या. असं तोऱ्यात म्हणाल्या! मिर्वा हसून निघून गेली.

घंटा वाजल्या. पाद्री बोलले. सेप्पो नावाच्या भाच्याने विल्होचं आवडतं गीत म्हटलं, दुसऱ्या कडव्यात त्याचा गळा दाटून आला. हे सगळं माझ्यापर्यंत आलं, एक कणही सांडला नाही. आणि सगळं माझ्यातच राहिलं. चर्चच्या शेवटच्या बाकावरून इर्मेलीचा लॅपटॉप विचारत होता, कोणी ऐकतंय का? मी सांगत होतो, हो, एक जण ऐकतोय. तो एक जण मीच होतो.

आजींसमोर नुसता निळा पडदा होता. त्यांनी चष्मा पुसला. वाट पाहिली. बेल हाताशी होती, पण सगळे हॉलमध्ये. भावाच्या प्रार्थनेतून कोणाला कशाला उठवायचं, असं त्यांना वाटलं असावं. पुस्तक उघडून त्या हात जोडून बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “चला. ठेवलं असेल आता विल्होला मातीत.”

मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्याकडे सगळं होतं हो, सगळं!

फोन वाजला. “आई, दिसलं ना गं? मी सारखी बघत होते, हिरवं होतं!”

आजींनी निळ्या पडद्याकडे पाहिलं. “दिसलं की. छान झालं.”

“सेप्पोचा गळा दाटला बघ...”

“हो ना. बिचारा,” आजी म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी पुस्तक मिटलं आणि खूप रडल्या. माझ्याशेजारी बसून रडल्या.

दोन दिवसांनी मी लॅबमध्ये परतलो. माझ्यातले जुने हुकूम पुसून मला परत ठेवायचं म्हणून इर्मेलीने ते उघडले, आणि ओ द्यायचा तो हुकूम तिने दोनदा वाचला.

“काय झालं गं?” कालेवीने कॉफीचा मग खाली ठेवला.

“हाच ऐकत होता. आई नव्हतीच रे.”

“पण त्या तर म्हणाल्या...”

“तेच तर!”

तिने तिथूनच फोन लावला. “आई, खरं सांग. काही दिसलं होतं का?”

तिकडून आवाज आला, “किती धडपडलीस गं माझ्यासाठी. तुला नाही कशी म्हणू?”

इर्मेलीने टेबलावर डोकं टेकलं. “मी म्हणू का ते गीत? मला गाता येत नाही, माहितेय तुला.”

“म्हण. पण मोठ्याने म्हण. तुमच्याकडे केवढी घरघर आहे!”

कालेवी उठला. त्याने रांगेतली यंत्रं एकेक करून बंद करायला सुरुवात केली. नवी बंद झाली, श्रोते बनवणारं यंत्र बंद झालं. शेवटी तो माझ्याजवळ आला. इर्मेलीने श्वास घेतला तेवढा मला ऐकू आला, आणि त्याने माझंही बटण दाबलं. त्या गीतातलं मी काहीच ऐकलं नाही. मला वाईट वाटलं नाही, मित्रांनो. ते आजींचं होतं.

आता मी पुन्हा खालच्या फळीवर आहे. क्वचित कोणी सुरू करून बघतं. तुमच्याकडे एवढंच मागतो, की आमच्या हिरव्या दिव्यावर विसंबून कोणाला खोलीत एकटं सोडू नका. आम्हाला जे सांगून ठेवलेलं असतं, तेच उत्तर आम्ही देतो. जाऊन त्या माणसाला विचारा. आणि त्याने ‘छान झालं’ म्हटलं, तरी लगेच उठू नका. शेजारी बसा आणि अजून एकदा विचारा.