मोरीच्या पाठीवरची खडी

मित्रांनो, टिटवाळ्याहून कल्याणकडे निघालात की दुसऱ्या मैलाच्या पुढे रस्ता थोडा उंचावतो. तिथे तुमच्या पायाखाली असते ती मी, ओढ्यावरच्या छोट्या पुलासारखी एक जुनी दगडी मोरी. माझी कमान चुन्यात बांधलेली आहे. तिच्यातला प्रत्येक दगड शेजारच्या दोन दगडांनी दाबून धरला आहे. त्या दाबामुळेच मी उभी आहे, आणि त्यामुळेच मला तसूभरही हलता येत नाही.

बैलगाड्यांचे ओझे मला कधी जड वाटले नाही. पावसाळ्यात माझ्या पोटातून ओढा वाहायचा, उन्हाळ्यात तिथे वाटसरू विसावायचे. पुढे लॉऱ्या आल्या. १९५४ साली रस्तादुरुस्तीची खडी खाणीतून कल्याणला जाऊ लागली. ठेकेदाराचे मुनशी पोपटराव दोन खेपांची खडी एकाच लॉरीत भरायला लावत.

ओव्हरसियर श्रीपादरावांनी माझ्या कडेला पाटी रोवली : सहा टनांपेक्षा जड वाहनास मनाई.

"मुनशी, चाकावरचं ओझं दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, दहापंधरा पट होते," त्यांनी समजावले. "तुमची खेप वाचते, रस्ता मात्र फुटतो."

"फुटू द्या की साहेब! खडी आम्हीच पुरवतो ना?" पोपटराव हसले.

तरी पाटीचा मान त्यांनी राखला, तो असा. लॉरी माझ्या अलीकडे थांबे. बाया निम्मी खडी घमेल्यांनी वाहून माझ्याच माथ्यावर, कठड्याशी रचत. कारण पलीकडे उतार होता, तिथे खडी घरंगळे. मग 'हलकी' झालेली लॉरी माझ्यावरून जाई आणि पलीकडे पुन्हा भरली जाई. म्हणजे लॉरी आणि उतरवलेली खडी, दोन्ही एकाच वेळी माझ्यावर!

त्या बायांत दगडाबाई होती. तिची सहा महिन्यांची जया माझ्या सावलीत, कोरड्या ओढ्यात निजायची.

मे महिन्यात एका दुपारी ढीग रचून झाला आणि माझा मधला दगड केसभर खाली सरकला. जया नेमकी त्याच्याखाली होती. लॉरी सुरू झाल्याचे मला ऐकू आले. मला ओरडता येईना, वाकता येईना. माझ्याकडून एवढेच झाले : सांध्यातला चुना तिच्या तोंडावर भुरभुरला.

जया किंचाळली. दगडाबाई धावत आली, तिने वर पाहिले, पोर उचलली आणि लॉरीसमोर जाऊन उभी राहिली.

"थांबव रे मेल्या! कमान चिरलीय!"

"बाजूला हो गं," पोपटराव लॉरीतून म्हणाले. "निम्मा माल उतरवलाय."

"उतरवला कुठं पण? तिच्याच उरावर ना! माझी पोर होती खाली."

पोपटराव उतरले. जयाच्या पांढऱ्या झालेल्या कपाळाकडे ते बघत राहिले. मग त्यांनी ढिगातले पहिले घमेले स्वतः उचलले आणि पलीकडे नेऊन ओतले.

आता माझ्या पोटात लाकडी टेकू आहे. सावलीला कुणी बसत नाही. खडी पलीकडेच उतरवतात, पण तिथे लॉरी पुन्हा शिगोशीग भरते. मी वाचले, पुढचा रस्ता फुटतो. आणि त्याच्या दुरुस्तीची खडी माझ्यावरूनच जाते.

मित्रांनो, मला जागचे हलता येत नाही, तुम्हाला येते. ओझे उतरवले असे कुणी सांगितले, तर एकदा खाली वाकून पाहा. ते कुणावर उतरवले आहे, आणि त्याच्याखाली कोण निजले आहे.