रविवारची झोप

बनशंकरीच्या मालोजी शिंद्यांना मुलीच्या आजारपणात एक खोड लागली होती, गॅसचा सिलिंडर तपासायची. एकोणीस वर्षांची हर्षिता नैराश्याने घरी बसली, कॉलेज सुटलं, गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून मालोजी घटकेघटकेला उठून स्वयंपाकघरात जात. वाटेत हर्षिताची खोली लागे. तिथे पाय आपोआप थबकत आणि कान दाराला चिकटत. ते परतले की बायको संयोगिता पाणी प्यायला उठे. तिलाही हल्ली तहान फार लागायची.

"अप्पा," एकदा आतून आवाज आला, "सिलिंडरलापण डिप्रेशन आलंय का?"

मालोजी ओशाळले, पण खोड काही जाईना. झोपेचं खोबरं झालेलं. पंपदुरुस्तीच्या आपल्या दुकानात त्यांनी गिऱ्हाइकाचा जेवणाचा डबा पान्याने खोलायला घेतला, तेव्हा गिऱ्हाईकच घाबरलं.

हर्षिताच्या डॉक्टरांनी सांगितलं, "अशा मुलांच्या आईबापांची बैठक असते रविवारी, तुमच्या घराजवळच. तुम्ही दोघं जा."

"आम्हाला काय झालंय?" मालोजींनी विचारलं.

डॉक्टर त्यांच्या उलट्या घातलेल्या शर्टाकडे बघत राहिले.

बैठक दोन क्रॉस, म्हणजे दोन आडव्या गल्ल्या, पलीकडे, मिठाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती. ती घेणाऱ्या विद्या मॅडम मृदू आवाजात म्हणाल्या, "आधी फोन बंद. आता डोळे मिटा. स्वल्प, जरासा श्वास घ्या."

मालोजींनी श्वास घेतला, तो सोडताना घोरण्याचा आवाज आला. संयोगिताने कोपराने ढोसलं आणि तीही त्यांच्या खांद्यावर कलंडली. मग आनेकलहून बसने आलेले सुहासराव खुर्चीतच घसरले. बघता बघता सगळी बैठक गाढ झोपली. मॅडम हातातली खडूची कांडी घेऊन एकट्याच उभ्या.

मालोजींना जाग आली ती घुंगरांच्या बारीक आवाजाने. दारात भरतनाट्यमच्या शिकवणीच्या चिमुरड्या पोरी तोंडावर बोटं ठेवून दाटीवाटीने उभ्या होत्या. पुढच्या तासाला हॉल त्यांचा होता. त्यांच्या मधोमध घरातल्या चपलांवर, विस्कटलेल्या केसांनी, हर्षिता उभी होती. दवाखाना सोडला तर कित्येक महिन्यांत ती घराबाहेर पडली नव्हती.

"शू," एक पोर तिला कानडीत बजावत होती, "अंकल मलगिद्दारे."

"दिसतंय झोपलेत ते," हर्षिता म्हणाली. मग आत येऊन बापावर बरसली. "किती फोन केले तुम्हाला. मला वाटलं, अपघात झाला. आणि तुम्ही दोघं घोरताय? जिन्यापर्यंत ऐकू येतंय."

"मी नाही घोरत," संयोगिता डोळे चोळत म्हणाली.

"आई, तुझाच आवाज मोठा होता."

एव्हाना सगळे जागे झाले होते. नाचाच्या बाईंनी पोरींना गच्चीवर नेलं. मॅडमनी मालोजींना विचारलं, "किती दिवसांनी झोपलात?"

मालोजींनी मुलीकडे पाहिलं. तिच्यासमोर बोलायचं नव्हतं, पण अर्धवट झोपेत जीभ सैल झालेली. "भीती वाटते मॅडम. मी झोपलो आणि तेवढ्यात काही झालं तर?"

"आज झोपलात. काय झालं?"

"पोरगी चिडली."

सुहासराव हसायला लागले. इतके हसले, की हसता हसता डोळे पुसू लागले, आणि संयोगिताने त्यांना आपला रुमाल दिला. हर्षिता बापाशेजारची खुर्ची ओढून बसली.

"काही वाटलं तर मी हाक मारीन," ती म्हणाली. "दाराशी उभं राहू नका. तुमचे श्वास ऐकून मलाच झोप येत नाही."

"सरी, तसंच करतो," मालोजी म्हणाले.

म्हणून ती बरी झाली असं नाही. पुढचा आठवडा तिने बराचसा अंथरुणातच काढला. पण सोमवारी तिने एकदा खरंच हाक मारली. मालोजी धावले, तिच्या पायाशी बसले, आणि तिला झोप लागेपर्यंत उठले नाहीत.

पुढच्या रविवारी मॅडमनी सतरंज्या मागवल्या. आधी झोप, मग बोलणं, असं ठरलं. सुहासराव आनेकलहून उशी घेऊन आले. ते लांबून येतात, तेव्हा पंख्याखालची जागा त्यांची, असं त्यांचं म्हणणं. संयोगिताला ते मान्य नव्हतं. मॅडम समजूत घालत होत्या आणि मालोजी केव्हाच भिंतीकडे तोंड करून झोपले होते.