उजवीकडची कोरी पानं

आमच्या ऑफिसात नवा वकील घ्यायचा की नाही, हे मुलाखत घेणारे तीन सेन्सेई, म्हणजे थोरले वकील, ठरवतात असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे. मुलाखतीच्या खोलीत चहा मी नेते. पुढे तीन महिन्यांची पारख संपली की ऑफिसचे मालक मुनेओका सेन्सेई मला आत बोलावतात, दार लावून घेतात आणि विचारतात, "इनुबुशी-सान, काय म्हणता?" मी एकच शब्द बोलते. "ठीक", नाहीतर "नको". कारण ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. एकतीस वर्षं हे असं चाललंय.

ओसाकाच्या कोर्टामागच्या गल्लीत, पाचव्या मजल्यावर आम्ही आहोत. सतरा वकील आणि नऊ कारकून. काल पास झालेलं सत्तावीस वर्षांचं पोरगं असलं तरी त्याला सेन्सेई म्हणायचं, आणि मी छप्पन्न वर्षांची, मला नुसतं सान. याचं मला काही वाटत नाही. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे ते सानलाच माहीत असतं.

वाटतं ते तोकुनोचं. आठ वर्षांपूर्वी तो आला, तेव्हा मी "ठीक" म्हटलं होतं. नुसतं म्हटलं नाही, त्याला सगळं शिकवलं. कुठल्या पक्षकाराला सकाळी फोन करायचा नाही, कोण चिडला की गप्प बसतो, कोणाच्या बायकोला विचारल्याशिवाय सही होत नाही. दोन वर्षांनी त्याने समोरच्याच रस्त्यावर स्वतःचं ऑफिस थाटलं आणि आमचे दोन सर्वांत जुने पक्षकार घेऊन गेला. माझ्याच शिकवणीवर. मुनेओका सेन्सेई मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी कोणाला काही शिकवत नाही. नव्या माणसाने काही विचारलं की म्हणते, "कळेल हळूहळू." त्यानंतर चार जण आले, त्यातल्या दोघांना मी "नको" म्हटलं.

आणि मग उओझुमी मादोका आली. लांब उत्तरेकडच्या अकिताची, बारीक अंगाची, बोलताना शब्द तोंडातल्या तोंडात ठेवणारी. मुलाखतीत मी तिच्यासमोर चहा ठेवला तर ती अर्धी उठून मला वाकली. तिन्ही सेन्सेईंच्या चेहऱ्यावर कौतुक. मला मात्र तिथेच खटकलं. चहा आणणाऱ्या बाईला वाका, असं हल्ली नोकरीच्या पुस्तकांतच लिहिलेलं असतं.

जानेवारीत ती कामाला लागली. दुसऱ्याच दिवशी वही घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. "इनुबुशी-सान, पक्षकारांबद्दल मला काय काय माहीत असायला हवं?"

"कळेल हळूहळू," मी म्हटलं.

"हो," म्हणाली आणि गेली. पुन्हा विचारलं नाही. तेही मला आवडलं नाही. ज्याला खरंच शिकायचं असतं तो दोनदा विचारतो.

त्याच आठवड्यात निशिवाकी आले. स्क्रूंचा कारखाना असलेला माणूस, सत्तरीचा, आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. त्यांची नवी केस तिच्याकडे द्यायचं ठरत होतं. त्यांनी तिच्या कोटावरचा बिल्ला पाहिला. वकिलांचा बिल्ला नवा असताना पिवळाधमक असतो. वर्षानुवर्षं घासून मुलामा उडाला की खालची चांदी दिसायला लागते, त्यामुळे आमच्या धंद्यात माणसं आधी बिल्ला बघतात, मग तोंड.

"काय हो सेन्सेई," निशिवाकी म्हणाले, "बिल्ल्यावरचं प्लास्टिक काढलंत ना नक्की? डोळे दिपले माझे."

मी हसले. जरा जास्तच मोठ्याने हसले, आणि म्हटलं, "आमच्याकडे जुन्या चांदीचेही आहेत, बोलावते थांबा." केस आमच्या जुन्या कुरामोची सेन्सेईंकडे गेली. उओझुमी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

त्या वहीपासूनच माझा संशय पक्का व्हायला लागला. निळ्या पुठ्ठ्याची जाड वही, कायम तिच्या हाताशी. मी फोनवर एखाद्या पक्षकाराशी बोलायला लागले की टेबलांमधल्या फळीपलीकडे तिचं पेन चालायला लागायचं. मी थांबले की तेही थांबायचं. मग जिन्याचं प्रकरण. रोज जेवणाच्या सुट्टीत ती आग लागली तर उतरायच्या मागच्या जिन्यावर जायची आणि दार ओढून घ्यायची. दाराला कान लावला तर पलीकडून हळू आवाजात बोलणं. शब्द कळायचे नाहीत, पण "कार्यालय" आणि "मुनेओका" तेवढं कळायचं. तोकुनोही जाण्याआधी जिन्यातूनच फोन करायचा.

आणि मार्च उजाडता उजाडता तिचा बिल्ला चांदीचा झाला.

पैशांच्या पाकिटात नाण्यांबरोबर टाकून बिल्ला जुना करायची युक्ती मला नवीन नाही, निम्मे ज्युनियर करतात. पण त्याला वर्ष तरी लागतं. हिचा दोन महिन्यांत दहा वर्षांचा दिसायला लागला. म्हणजे ही आधी कुठेतरी वकिली करून, काहीतरी भानगड करून, तिथून हाकलली गेलेली असणार, आणि आमच्यासमोर कोऱ्या पाटीचं नाटक करत असणार. मी वकील संघाच्या यादीत तिचं नाव शोधलं. नोंदणी डिसेंबरची, नंबर अगदी नवा. तरी जीव थाऱ्यावर येईना. मग हा बिल्ला तिचाच कशावरून?

गेल्या बुधवारी ती कोट खुर्चीला अडकवून आगीच्या जिन्यावर गेली. सगळे जेवायला बाहेर. मी तिच्या टेबलाशी गेले, बिल्ल्याचा स्क्रू फिरवला आणि मागचा नंबर पाहिला. तोच. यादीतला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण संशयाला पुरावा मिळाला नाही की तो शहाणा होत नाही, जास्त फुगतो. बिल्ला परत लावला आणि टेबलावरची निळी वही उघडली.

डावीकडच्या प्रत्येक पानावर एक पक्षकार. "निशिवाकी: उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बसावं. फोन दुपारी दोननंतर. मुलाचा विषय काढू नये. आधी यंत्रांबद्दल विचारावं, मग केस." पुढचं पान, पुढचा पक्षकार. तीसेक नावं. सगळं खरं, सगळं माझ्या तोंडून गेलेलं. आणि समोरची उजवी पानं एकजात कोरी. ती कशासाठी ठेवली असतील, हे मला सांगायला कोणी नको होतं. बाहेर पडल्यावर कोण तिच्याबरोबर येणार, कोण नाही, ते लिहायला. तोकुनोने डोक्यात ठेवलं होतं, हिने कागदावर मांडलं, एवढाच फरक. मी वही मिटली आणि होती तशी ठेवली.

गुरुवारी सकाळी मुनेओका सेन्सेईंनी दार लावून घेतलं. "काय म्हणता?"

"नको."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं," म्हणाले. मी बाहेर आले आणि चहाचे कप धुतले. ते तिला शुक्रवारी सांगतील, असा माझा अंदाज होता. अशा गोष्टी ते शुक्रवारीच सांगतात.

दुपारी अडीचला निशिवाकी न कळवता येऊन थडकले. त्यांच्या कारखान्यातल्या कामगाराने नोटीस पाठवली होती, कागद हातात चुरगळलेला. मुनेओका आणि कुरामोची सेन्सेई दोघंही कोर्टात. मी काही बोलायच्या आत उओझुमी उठली, त्यांना खोलीत घेऊन गेली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. मी चहा नेला आणि तिथेच ट्रे हातात धरून रेंगाळले.

"ते नवं जर्मन यंत्र बसवलंत का?" तिने विचारलं. आवाज मोठा नव्हता, नेमका त्यांना ऐकू जाईल एवढा. निशिवाकींचा चेहरा जरा सैल झाला. दहा मिनिटं ते यंत्रावर बोलले, मग कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो दोनदा वाचला, तीन प्रश्न विचारले आणि सांगितलं की काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही.

"अहो सेन्सेई," जाताना निशिवाकी म्हणाले, "बिल्ला काय इतक्यात म्हातारा झाला?"

तिचे कान लाल झाले. "तुम्ही चेष्टा केली होतीत त्या दिवशी. म्हणून रोज घरी टूथपेस्ट लावून घासते."

निशिवाकी इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "टूथपेस्ट. माझ्याकडे आणायचा की, पॉलिशच्या चाकावर पाच मिनिटांचं काम." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला कुठे लपवून ठेवलं होतंत? यापुढे माझी कामं हिच्याकडेच."

लिफ्टचं दार बंद झालं. मी ट्रे घेऊन तशीच उभी. उओझुमी टेबलाशी गेली, निळी वही उचलली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"ही तुमच्याकडे ठेवा, इनुबुशी-सान. पुढे जो नवा येईल त्याला द्या."

"म्हणजे?"

"सेन्सेईंनी कोर्टात जायच्या आधी सांगितलं मला. एप्रिलअखेरपर्यंत आहे मी." ती नेहमीसारखंच तोंडातल्या तोंडात बोलत होती. "मला कोणाला विचारायचं ते कळत नव्हतं. तुम्ही फोनवर बोलता त्यावरून जमेल तसं लिहिलं. चुका असतील. तुम्ही बघाल कधीतरी, म्हणून उजवीकडची पानं तुमच्यासाठी कोरी ठेवली होती. द्यायचा धीर मात्र झाला नाही."

ती तशीच मागच्या जिन्याकडे गेली. मी वही घेऊन खुर्चीत बसले. सकाळीच तिला कळलं होतं की इथे आपलं काही उरलं नाही, आणि दुपारी ती निशिवाकींच्या डाव्या बाजूला जाऊन बसली होती. मला स्वतःची लाज वाटली. तोकुनोने केलं त्याहून मी केलेलं जास्त घाण होतं.

मुनेओका सेन्सेई साडेचारला परतले. त्यांचा कोट निघायच्या आत मी आत शिरले आणि दार मीच लावलं.

"सकाळचा शब्द मला मागे घ्यायचाय."

"एकतीस वर्षांत कधी घेतला नाहीत."

"एकतीस वर्षांत तुम्ही कधी कारण विचारलं नाहीत." मग मी सगळं सांगितलं. जिन्याच्या दाराला लावलेला कान, बिल्ल्याचा स्क्रू, वही. काही वगळलं नाही.

"वकिलाच्या टेबलावरची वही कारकुनाने चोरून वाचली," ते म्हणाले, "हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हटलं असतं?"

"नको."

"हं." त्यांनी चष्मा काढला. "मीही न विचारता ऐकत राहिलो, तेव्हा मला बोलायला तोंड नाही. पण तिला मी सांगून बसलोय. शब्द तुमचा होता, हे तिला माहीत नाही. मागे घ्यायचा असेल तर तुम्हीच जाऊन घ्या. कोणाचा होता त्यासकट. ती राहील की नाही, हे आता तिच्या हातात."

मी आगीच्या जिन्याचं दार उघडलं. ती पायरीवर पाठमोरी बसली होती, कानाला फोन नव्हताच. समोरच्या भिंतीला ती सांगत होती, "नमस्कार, मुनेओका कायदा कार्यालय, मी उओझुमी बोलतेय." मग तेच परत, शेवटचा शब्द आमच्या ओसाकाच्या ढंगात वळवायची धडपड करत. परत. परत. तीन महिने मी ज्याला कट समजत होते, तो हा.

"'बोलतेय' इतकं वर चढवायचं नाही," मी म्हटलं. "सहज सोडून द्यायचं."

ती दचकून उठली.

"तुम्हाला 'नको' म्हणणारी मी होते," मी म्हटलं. "सेन्सेई नाही. बिल्ला मी उलटून पाहिला, वही मी आधीच वाचली होती. तुम्ही पक्षकार पळवणार, असं मला वाटलं. माझं चुकलं. सेन्सेईंना तसं सांगून आलेय. तुमची हरकत नसेल तर तुम्ही इथेच राहावं, असं ते म्हणतात. आणि मीही म्हणते." मी वाकले, जितकं वाकता येतं तितकं.

मी मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. आधी चेहऱ्याकडे, मग माझ्या हातातल्या वहीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. ही नजर मला ओळखीची होती. तीन महिने फळीवरून मी तिच्याकडे अशीच बघत होते.

"उजवी पानं भरून द्याल?" तिने विचारलं.

"आजपासून."

"सगळं? काही हातचं न ठेवता?"

"सगळं."

तिने कोट नीट केला आणि माझ्या बाजूने आत जाता जाता, या वेळी अगदी स्पष्ट शब्दांत म्हणाली, "तीन महिने बघते तुम्हाला. मग सांगते."