बंद करू नये

डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात, लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवलेला. 'बंद करू नये.' खाली लॅब सांभाळणाऱ्या जयाताईंची सही. एकदा बंद केलेला, तर परत चालू करताना सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. तेव्हापासून तो दिवाळीच्या सुट्टीतही घरघरत असायचा. जयाताईंनी उभ्या नोकरीत बनवलेल्या रंगांच्या सगळ्या शेड, मापांसकट, त्याच्यातच होत्या. नावंही त्यांनीच ठेवलेली, लोकलच्या स्टेशनांवरून: दिवा लाल, टिटवाळा पिवळा. प्रोग्राम बनवणारी कंपनी मात्र कधीच बुडालेली.

कारखान्याचे कॉम्प्युटर बघणारा ज्यूड घोडबंदरहून यायचा. कॉलेज अर्ध्यात सोडलेलं, सगळं व्हिडिओ बघूनच शिकलेला. त्याचं म्हणणं साधं होतं. जुन्या मशीनची हुबेहूब कॉपी काढायची आणि ती नव्या सर्व्हरच्या आत चालवायची. जुन्या विंडोजला वाटणार, आपण आपल्याच डब्यात आहोत.

"मशीनच्या पोटात मशीन?" फोरमन देवराम हसला. "कितवा महिना रे?"

कॉपी झाली. जुनं विंडोज नव्या स्क्रीनवर उघडलंसुद्धा. पण शेडचा प्रोग्राम अडला. त्याला लॉक हवं होतं. लॉक म्हणजे जुन्या मशीनच्या मागे खोचलेली, पेनड्राइव्हसारखी चावी.

"काढू, ताई?"

"हात लावू नकोस! इकडे नाही चाललं आणि परत तिकडेही नाही चाललं, तर? माझं सगळं त्यातच आहे रे."

ताईंचं रोज 'उद्या बघू.' ज्यूड बिचारा रोज ताजी कॉपी काढून घरी जायचा.

मग खंडेनवमी आली. देवरामने एकेक मशीन पुजलं. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं आणि आंब्याच्या पानाने तांब्यातलं पाणी शिंपडलं. दरवर्षी शिंपडायचा. यंदा पान जरा भरून आलेलं. पाणी जाळीतून आत गेलं.

फट्! घरघर थांबली.

जयाताई स्टुलावर बसल्या. हातातला प्रसाद तसाच.

"बाई, मी तर नेहमीसारखंच..." देवरामने तांब्या टेबलामागे सारला.

ज्यूड टेबलाखाली घुसला. प्लग ओढला, चावी उपटली. बघतो तर चावीवरही कुंकू.

"काका, हिलापण?"

"हिच्यात लाइट पेटायचा ना. म्हटलं, जीव इथेच असेल."

"बरोब्बर ओळखलंत!"

ज्यूडने चावी शर्टाला पुसली, सर्व्हरला लावली आणि आतल्या मशीनला जोडून दिली. प्रोग्रामवर क्लिक केलं. स्क्रीन पांढरी झाली.

सगळी यादी धाडधाड उघडली.

जयाताई उठल्या. यादीतून 'टिटवाळा पिवळा' काढला, मापं बघून डब्यात रंग घोटला, पत्र्यावर मारला. वाळल्यावर त्याच शेडचा जुना नमुन्याचा पत्रा शेजारी धरला.

"देवराम, यातला जुना कुठला?"

देवरामने दोन्ही पत्रे उन्हात नेले, उलटसुलट केले. "नाही बुवा कळत."

"कळणारच नाही!" जयाताई ओरडल्याच.

"ताई, आता बंद करा," ज्यूड म्हणाला.

"काय?"

"करा तर."

त्यांनी डोळे मिटून माउस दाबला. आतलं मशीन बंद. परत चालू केलं. शेड जागच्या जागी. मग त्यांनी पुन्हा बंद केलं. पुन्हा चालू. मग पुन्हा.

"बाई, झोपू द्या आता त्याला," देवराम म्हणाला आणि जुन्या डब्यावरचा हार उचलून निघाला. ज्यूड हात पसरून सर्व्हरपुढे उभा राहिला. "काका, याला हार नाही!"

"तुला घालतोय, येड्या. मान खाली कर."

जयाताईंनी तो कागद टरकन ओढून काढला. झेंडू ज्यूडच्या गळ्यात लोंबत होते, आणि देवराम तांब्या शोधत होता.