जुलेखाच्या हाताची हाडं

सन चौतीसच्या सुमारास नाशकात भद्रकालीजवळच्या मोकळ्या जागेत खलीलचा तंबू लागला. आत अंधार करून तो क्ष-किरणांचा खेळ दाखवायचा. मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून घेतलेली जुनी नळी हिरवट पेटायची आणि तिच्यासमोर त्याची बायको जुलेखा हात धरायची. पडद्यावर हाताची हाडं उमटत, मनगटाभोवती चांदीच्या बांगड्या अधांतरी हलत. दिंडोरीची एक म्हातारी तर पडद्याला हात जोडून गेली. इतकं देखणं आपल्या हातून दुसरं काही झालं नाही, असं खलीलला वाटायचं. चार वर्षं, दिवसाला आठ खेळ.

चौथ्या हिवाळ्यात जुलेखाची बोटं लाल झाली, नखं तडकली. तिने मेंदी लावून झाकलं. जखम वाहू लागली तेव्हा खलील तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. धंदा ऐकताच ते म्हणाले की या किरणांनी मांस जळतं, तीन बोटं काढावी लागतील. विकणाऱ्याने शिशाचा हातमोजा दिला नव्हता का, असंही त्यांनी विचारलं.

दिला होता. मोज्यातून हाडं दिसत नाहीत म्हणून खलीलने तो पहिल्याच आठवड्यात मोडीत काढला होता. डॉक्टरांना त्याने नाही म्हणून सांगितलं. जुलेखा शेजारीच बसली होती.

बोटं काढल्यावर नांदगावचा सावळीराम नावाचा तंबूवाला यंत्र विकत घ्यायला आला. हात धरायला आपली भावजय आहे, म्हणाला. खलील तयार झाला. तेवढ्यात जुलेखा बाहेर आली आणि तिने पट्टी सोडून हात सावळीरामपुढे धरला.

"हे बघा, मग न्या."

सावळीराम निघून गेला. आता खायचं काय, म्हणून खलील तिच्यावर चिडला. तिने शांतपणे विचारलं, "लोक माझा हात बघायचे, तेव्हा तुम्ही कुठं बघत होता?"

या वेळी त्याला खोटं बोलवेना. "लोकांकडं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने नळी फोडली आणि स्टो दुरुस्तीचं काम धरलं. पुढे जुलेखाच्या काखेत गाठ आली. वर्षभरात ती वारली. मय्यतीला आलेला एकजण त्या खेळाची तारीफ करत बसला. खलील मान खाली घालून ऐकत राहिला.