टाच विचारली, मूत्रपिंड दाखवलं

मी एक जुना गॅमा कॅमेरा आहे. मित्रांनो, मला ‘जरा हसा’ म्हणता येत नाही, हे आधीच सांगतो. माझे दोन डोळे परातीएवढे आहेत आणि मुक्काम इस्पितळाच्या तळघरात. वरच्या मजल्यांवर नवी यंत्रं आल्यापासून मला सगळे ‘तो खालचा’ म्हणतात.

माणसाला सुईतून किंचित औषध देतात. ते हाडांत जाऊन बसतं आणि किरण सोडतं, ते मी टिपतो. उरलेलं औषध मूत्रपिंडं गाळून बाहेर काढतात, म्हणून पाठीपाशी दोन फिकट डाग दिसतात. त्यांना मान किती? लग्नाच्या फोटोतल्या खुर्च्यांइतका.

एकदा एक निवृत्त बसचालक काका आले. टाच दुखत होती.

“टाचेसाठी अख्ख्या अंगाचा फोटो कशाला?” काका म्हणाले.

“झोपा गपगुमान,” काकू म्हणाल्या. “जन्मभर बस चालवलीत, आज प्रवासी व्हा.”

मी डोक्यापासून खाली सरकत आलो. पाठीपाशी पोचलो आणि थरारलोच. उजवं मूत्रपिंड फिकट, पण डावं भलंमोठं, दिव्यासारखं लखलखीत. औषध आत तुंबलं होतं. मला ओरडायची सोय नाही, फक्त घरघरता येतं. जीव तोडून घरघरलो.

फोटो काढणाऱ्या ताई पडद्याकडे वाकल्या. “काका, लघवीला जाऊन या. परत काढू.”

“आत्ताच गेलो होतो की.”

“परत जा.”

परत काढला. डावं तसंच लखलखीत. ताईंनी डॉक्टरबाईंना बोलावलं.

“टाचेचं हाड ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या. “पण हे मूत्रपिंड तुंबलंय. आजच सोनोग्राफी करा. उशीर झाला तर ते कामातून जाईल.”

“पण तिथे मला काहीच दुखत नाही.”

“तीच तर पंचाईत आहे.”

मूत्रपिंडाची वाट अडवून एक खडा ठाण मांडून बसला होता. तो काढला आणि मूत्रपिंड वाचलं. ताईंनी ही बातमी खाली आणली, त्या दिवशी आनंदाच्या भरात मी एका आजोबांचा गुडघा गरजेपेक्षा देखणा काढला.

पुढे काका भेटायला आले. “टाच अजून दुखतेच.”

“चपला बदला म्हणून केव्हाची सांगतेय,” काकू म्हणाल्या. “माझं ऐकायलाही यंत्रच लागतं का?”

मित्रांनो, टाच जरा दुखली की बोंब मारते आणि सगळं घर गोळा होतं. मूत्रपिंड बुडायला आलं तरी तोंडातून ब्र काढत नाही. म्हणून विनवतो, जो कधीच कुरकुरत नाही, त्याची चौकशी आधी करा.